बगळ्याची मांड

जुनी सायकल पुन्हा उभी करण्याचा छंद ज्यांना जडतो, त्यांची वाट साधारण ठरलेली असते. आधी कुठल्यातरी अडगळीत सांगाडा सापडतो. मग चाके, ब्रेक, पेडल, चेन, हँडल असा एकेक भाग शोधण्यात महिने जातात. भंगारवाल्यांशी घरोबा होतो, परदेशातल्या भाच्याकडे याद्या जातात, घरातली बोलणी खावी लागतात. हळूहळू सगळे जमून येते आणि शेवटी एक प्रश्न उरतो. दिसायला किरकोळ, पण भल्याभल्यांना छळणारा. सीट कोणती बसवायची?

आमच्या सोसायटीतल्या एका तरुणाने हा प्रश्न मला विचारला. त्याच्याकडे १९५० च्या आसपासची, शर्यतीच्या बनावटीची इटालियन सायकल आहे. दुकानदाराने त्याला जेल भरलेली मऊमऊ सीट दाखवली होती. बसायला झकास, पण सायकलवर चढवली की आजोबांनी नातवाचे बूट घातल्यासारखे दिसते, अशी त्याची तक्रार. काका कादंबऱ्या लिहितात, म्हणजे जुन्या काळातले त्यांना काहीतरी कळत असणार, असा त्याचा समज. माझ्या कामाला मात्र बँकेतली नोकरी आली. सोन्याच्या तारणावर कर्ज देताना सराफ दागिन्याची नक्षी बघत बसत नाही. तो दागिना दगडावर घासतो आणि कस पाहतो. जुन्या वस्तूचा कस कुठे लागतो हे एकदा कळले की पुढचे सोपे असते. सायकलचा कस सीटवर लागतो, कारण दिवसभर माणसाचा भार तीच पेलते.

घोड्यावर पक्के बसण्याला आपल्या भाषेत मांड म्हणतात. खोगीर बाजारात मिळते, मांड स्वाराला स्वतःला कमवावी लागते. तेव्हा त्या तरुणाला मी आधी सीटचे थोडे गणित सांगितले आणि मग त्या काळातल्या सर्वांत मोठ्या स्वाराची गोष्ट सांगितली. इटलीचा फाउस्तो कोप्पी हा तो स्वार. आज तीच गोष्ट वाचकांनाही सांगतो.

गणित असे. सीटचा आकार बसण्याच्या ढबीवर ठरतो. आपल्या लहानपणीच्या काळ्या, उंच सायकलींवर माणूस ताठ बसायचा. सगळा भार बुडावर, म्हणून सीट रुंद आणि तिच्याखाली जाडजूड स्प्रिंगा. शर्यतीच्या सायकलवर स्वार पुढे ओणवतो. भार हात, पाय आणि सीट यांच्यात वाटला जातो, मांड्या वेगाने खालीवर होतात. म्हणून तिथली सीट अरुंद, लांबट आणि बिनस्प्रिंगेची. स्प्रिंग असली की पायाचा जोर तिच्यात मुरतो आणि फुकट जातो.

दुसरे म्हणजे, १९५० च्या सायकलवर सीट हवी ती चामड्याची. गाईच्या जाड कातड्याचा एकच तुकडा भिजवून साच्यावर दाबतात, वाळवतात आणि पुढच्या नाकाडाला व मागच्या पट्टीला रिव्हेट ठोकून पोलादी सांगाड्यावर ताणून बसवतात. मधे आधार काही नाही. झोळी जशी दोन टोकांवर तोललेली असते, तसे ते कातडे तोललेले असते. नाकाडाखाली एक बोल्ट असतो. कातडे फार सैल पडले तर तो किंचित आवळायचा.

या कामात सर्वांत नावाजलेली कंपनी म्हणजे इंग्लंडची ब्रुक्स. जॉन बोल्टबी ब्रुक्स या गृहस्थाने १८६६ मध्ये बर्मिंगहॅमला घोड्यांच्या चामडी सामानाचा धंदा काढला. कंपनी स्वतःची कुळकथा अशी सांगते की, १८७८ मध्ये त्याचा घोडा मेला, नवा घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्याने कामावर जायला उसनी सायकल घेतली आणि तिच्या सीटने त्याचे इतके हाल केले की खोगिराची विद्या त्याने सायकलला लावली. १८८२ मध्ये त्याने सीटचे पेटंट घेतले. त्याच कंपनीची बी १७ नावाची सीट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाली आणि ती आजही बनते. फ्रान्समध्ये इदेआल नावाच्या सीटांचा असाच दबदबा होता.

अशी नवी सीट लाकडाच्या फळीसारखी कडक असते. काहीशे किलोमीटर दामटल्यावर कातडे दबते आणि बसण्याच्या दोन हाडांखाली दोन उथळ खळगे पडतात. ज्याची हाडे, त्याचे खळगे. म्हणूनच त्या काळचे शर्यतपटू सायकल बदलली तरी मुरलेली सीट सोडत नसत. जुनीवरून काढून नवीवर चढवत. आजच्या फोमच्या सीटला हे जमत नाही. ती पहिल्या दिवशी सगळ्यांनाच बरी वाटते आणि शेवटपर्यंत कोणाचीच होत नाही. आपल्याकडे खोगीरभरती म्हणून शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ मला अशा सीटा बघून कळतो.

आता स्वाराकडे येऊ.

फाउस्तो कोप्पीचा जन्म १५ सप्टेंबर १९१९ चा. गाव कास्तेल्लानिया, वायव्य इटलीतल्या पीडमाँट प्रांतातले डोंगरउतारावरचे छोटे खेडे. घर शेतकऱ्याचे, भावंडे पाच, पैसा बेताचा. तेराव्या वर्षाच्या आसपास शाळा सुटली आणि पोरगा जवळच्या नोव्ही लिगुरे गावात खाटकाच्या दुकानी कामाला लागला. गिऱ्हाइकांच्या घरी मांस पोचवायचे, तेही सायकलवरून. घर ते गाव, गाव ते घर आणि चढउताराचा रस्ता. व्यापारी जहाजावर नोकरीला असलेल्या काकाने पैसे दिले, त्यात बापाने भर घातली आणि पोराला शर्यतीची सायकल मिळाली.

दिसायला पोरगा पैलवान वगैरे अजिबात नव्हता. पाय लांबच लांब, छाती पक्ष्यासारखी पुढे आलेली, खांदे अरुंद, हाडे नाजूक. जमिनीवर चालताना तो अवघडल्यासारखा दिसे. सायकलवर बसला की तेच शरीर असे काही जुळून येई की बघणाऱ्याची नजर ठरत नसे. पुढे इटलीच्या लोकांनी त्याला बगळा म्हटले. आपल्याकडे बगळा म्हणजे ध्यान लावून मासे टिपणारा ढोंगी. त्यांच्या डोळ्यांपुढे होता तो जमिनीवर काडीमोड्या पायांनी चालणारा आणि पंख पसरले की राजासारखा दिसणारा पक्षी.

हे पहिल्यांदा ओळखले ते एका आंधळ्या माणसाने. बियाजो काव्हान्ना नोव्ही लिगुरेत मालिश करत असे. एके काळी तो मुष्टियोद्धा होता आणि जुन्या पिढीचा विख्यात शर्यतपटू जिरार्देंगो याच्याकडे त्याने काम केले होते. डोळे गेले होते, पण बोटांना सगळे दिसायचे. या पोराच्या पाठीवरून, मांड्यांवरून हात फिरवून त्याने ताडले की हे शरीर वेगळे आहे. काय खायचे, किती झोपायचे, कसे बसायचे, हे सगळे काव्हान्ना ठरवू लागला. मला स्वतःला या गोष्टीतला हा प्रसंग फार आवडतो. चामड्याची सीट जे हळूहळू ओळखते, ते या माणसाच्या तळव्यांनी आधीच ओळखले होते.

१९४० मध्ये लेन्यानो या संघाने कोप्पीला घेतले. जिरो म्हणजे इटलीची तीन आठवड्यांची महाशर्यत. संघाचा नायक होता जिनो बार्ताली. १९३८ ची टूर द फ्रान्स जिंकलेला, घराघरांत पूजला जाणारा. कोप्पीचे काम त्याला पाणी आणून द्यायचे, वाऱ्यात त्याच्यापुढे राहायचे. पण सुरुवातीलाच बार्ताली एका कुत्र्याला धडकून पडला आणि मागे राहिला. पुढे फ्लॉरेन्स ते मोदेना या टप्प्यात, आबेतोनेच्या घाटात, वीस वर्षांचा कोप्पी पावसातून एकटा निघून गेला. ९ जून १९४० ला त्याने जिरो जिंकली. दुसऱ्याच दिवशी मुसोलिनीने युद्ध पुकारले.

आयुष्यातली उमेदीची पाच वर्षे त्या युद्धाने खाल्ली. नोव्हेंबर १९४२ मध्ये, मिलान शहरावर बॉम्ब पडत असताना, तिथल्या व्हिगोरेल्ली ट्रॅकवर त्याने एका तासात जास्तीत जास्त अंतर कापण्याचा विक्रम केला. ४५ किलोमीटर ७९८ मीटर. हा आकडा १९५६ पर्यंत कोणाला ओलांडता आला नाही. त्यानंतर काही महिन्यांत त्याला उत्तर आफ्रिकेच्या आघाडीवर धाडले आणि एप्रिल १९४३ मध्ये तो इंग्रजांच्या हाती सापडला. जवळपास दोन वर्षे कैदेत गेली. तिथेच त्याला हिवतापही झाला. १९४५ मध्ये तो दक्षिण इटलीत परतला तेव्हा त्याच्याकडे सायकलसुद्धा नव्हती. नेपल्सच्या एका वर्तमानपत्राने आवाहन छापले आणि एका सुताराने आपली सायकल त्याला देऊन टाकली. एखाद्या सुताराला आपली सायकल द्यावीशी वाटावी, यावरून त्याची लोकप्रियता समजते.

१९ मार्च १९४६. मिलान ते सान रेमो, जवळपास तीनशे किलोमीटरची शर्यत. युद्धाने मोडलेले पूल, खड्ड्यांचे रस्ते, रस्त्याकडेला उपाशी माणसे. कोप्पी सुरुवातीलाच पुढे निघाला आणि सान रेमोला पोचला तेव्हा दुसरा स्पर्धक चौदा मिनिटे मागे होता. हरलेल्या, लाजलेल्या देशाला अभिमान वाटावा असे काही बऱ्याच दिवसांनी घडले होते.

तेव्हापासून इटलीत दोन घराणी झाली, एक बार्तालीचे आणि एक कोप्पीचे. आपल्याकडे एके काळी लता की आशा यावरून जेवणाच्या ताटावर वाद व्हायचे, तसा प्रकार. बार्ताली देवभोळा, चर्चला जवळचा, जुन्या वळणाचा. कोप्पी अबोल, आहार आणि सरावाचे शास्त्र बघणारा, नव्या काळाचा. दोघांनी एकमेकांना पाण्यात पाहिले आणि अडचणीत पाणीही दिले. १९५२ च्या टूरमध्ये गालिबिए घाटात टिपलेले एक छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. पुढे कोप्पी, मागे बार्ताली आणि दोघांच्या हातांत एकच बाटली. कोणी कोणाला दिली याचा निकाल आजवर लागलेला नाही. बार्तालीचेही एक गुपित होते. युद्धकाळात ज्यूंना वाचवण्यासाठी बनावट कागदपत्रे सायकलच्या नळ्यांमध्ये दडवून त्याने पोचवली, या कार्यासाठी इस्राएलच्या याद व्हाशेम संस्थेने २०१३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, त्याचा गौरव केला.

कोप्पीचा सर्वांत मोठा दिवस १० जून १९४९ चा. जिरोचा सतरावा टप्पा, कुनेओ ते पिनेरोलो, २५४ किलोमीटर, मधे आल्प्सचे पाच घाट. मराठी वाचकाला अंदाज यावा म्हणून सांगतो, आपल्या कळसुबाईची उंची १६४६ मीटर. या पाचांतला प्रत्येक घाट कळसुबाईपेक्षा उंच. रस्ते बहुतेक कच्चे, सकाळपासून पाऊस आणि चिखल. पहिल्याच घाटात कोप्पी सुटला आणि पुढचे १९२ किलोमीटर त्याच्यापुढे किंवा सोबतीला कोणी नव्हते. नऊ तासांहून अधिक वेळ तो सायकलवर होता. बार्ताली दुसरा आला, तो ११ मिनिटे ५२ सेकंदांनी. त्या वर्षी एका वर्तमानपत्राने जिरोच्या वार्तांकनाला दिनो बुद्झाती या कादंबरीकाराला पाठवले होते. त्याला त्या दिवशी ट्रॉयच्या युद्धातले अकिलीस आणि हेक्टर आठवले. कादंबरीकाराला शर्यतीवर पाठवणाऱ्या त्या संपादकाचा मला हेवा वाटतो.

त्या दिवसाचा विचार करताना मला पुन्हा सीट आठवते. ओल्या चामड्यावर नऊ तास. चामडे भिजले की ढिले पडते आणि त्यावर बसत राहिले तर कायमचे बिघडते. म्हणून जाणकार आधीच खालच्या बाजूने चरबी किंवा मेण चोळून ठेवतात. गिअर बदलायची सोयही सुखाची नव्हती. त्या दशकात इटलीत चालणाऱ्या कांपान्योलोच्या एका पद्धतीत दांडे मागच्या चाकाजवळ असत. स्वाराने चालत्या सायकलवर हात सीटच्या मागे खाली न्यायचा, चाक सैल करायचे, पाय उलटे फिरवायचे, चेन सरकवायची आणि पुन्हा आवळायचे. एवढे करताना तोल जाऊ द्यायचा नाही. तेव्हा मांड हा शब्द मी उगाच वापरलेला नाही.

त्याच वर्षी त्याने टूर द फ्रान्सही जिंकली. सुरुवातीच्या एका टप्प्यात पडून, सायकल मोडून तो अर्ध्या तासाहून मागे गेला होता आणि शर्यत सोडून निघाला होता. व्यवस्थापक अल्फ्रेदो बिंदाने समजूत काढून त्याला थोपवले. जिरो आणि टूर एकाच वर्षी जिंकणारा तो पहिला. १९५२ मध्ये त्याने हेच पुन्हा केले. त्या वेळी तो इतका पुढे होता की संयोजकांना दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीस वाढवावे लागले, नाहीतर शर्यतीत राम उरला नसता. एकूण पाच जिरो, दोन टूर, १९५० ची पॅरिस-रुबे आणि १९५३ मध्ये लुगानोला जागतिक विजेतेपद.

पण त्याच्या वहीतली नावेची बाजूही बघायला हवी. त्याची हाडे काचेसारखी होती. १९५० च्या जिरोमध्ये पडून कमरेचे हाड मोडले, म्हणजे ज्या हाडांवर सीटचे खळगे पडतात तीच जागा. बरा होऊन उठला तर १९५१ मध्ये गळपट्टीचे हाड गेले. आणि त्याच वर्षी २९ जूनला त्याचा धाकटा भाऊ सेर्से गेला. सेर्सेही शर्यतपटू होता, थोरल्याइतका मोठा नाही, पण हसरा, गप्पिष्ट, थोरल्याला सांभाळून घेणारा. तुरीनच्या शर्यतीत शेवटच्या धावेत तो पडला. फार लागले असे वाटले नाही, उठून हॉटेलवर गेला आणि तिथे डोक्यातल्या रक्तस्रावाने काही तासांत संपला. त्या काळी स्वार कापडी टोपी घालत. काही दिवसांनी फाउस्तो टूरमध्ये उतरला, पण माँपेलिएच्या टप्प्यात उन्हात अक्षरशः कोसळला. धंद्याने शोक करायला सवड दिली नाही आणि शरीराने ती घेतली.

मग आले ते प्रकरण, ज्यामुळे इटलीतल्या निम्म्या घरांत त्याचे नाव घेणे बंद झाले. कोप्पीने १९४५ मध्ये ब्रूनाशी लग्न केले होते, १९४७ मध्ये त्यांना मारिना ही मुलगी झाली. ज्युलिया ओक्किनी ही एका डॉक्टरची बायको. डॉक्टर कोप्पीचा भक्त, त्यातून ओळख झाली आणि ती ओळख राहिली नाही. ज्युलियाच्या पांढरट कोटावरून एका फ्रेंच पत्रकाराने तिला शुभ्रवस्त्रा ठरवले आणि तिचे खरे नाव लोक विसरून गेले. इटलीत तेव्हा घटस्फोटाची सोय नव्हती. तो कायदा १९७० मध्ये आला. परपुरुषाशी संबंध ठेवणे हा बायकोचा फौजदारी गुन्हा होता. नवऱ्याला मात्र बाईला उघडपणे ठेवल्याशिवाय कायदा हात लावत नसे.

डॉक्टरने तक्रार केली. १९५४ मध्ये पोलिसांनी रात्री घरावर छापा घातला, कोण कुठे झोपले आहे ते तपासायला. ज्युलियाला काही दिवस तुरुंगात काढावे लागले, कोप्पीचा पासपोर्ट जप्त झाला. मार्च १९५५ मध्ये खटल्याचा निकाल लागला, त्याला दोन महिने, तिला तीन. शिक्षा स्थगित झाली खरी, पण तिच्या वाट्याला एक महिना जास्तच आला. मुलाला बापाचे नाव मिळावे म्हणून तिने अर्जेंटिनात जाऊन बाळंतपण केले. तिथे १९५५ मध्ये फाउस्तीनो जन्मला. दोघांनी मेक्सिकोत लग्न लावले, ते इटलीने मानले नाही. ब्रूना आणि लहानग्या मारिनाच्या वाट्याला जे आले, त्याचा हिशेब कोणत्याच कोर्टाने केला नाही. मी इथे कोणाची बाजू घेत नाही. दोन मोडलेली घरे आणि त्यांच्या खिडक्यांना नाक लावून बसलेला एक देश, एवढेच मला दिसते.

त्या काळाचे आणखीही एक अंग होते. शर्यतपटू सर्रास उत्तेजक गोळ्या घेत. कोप्पीनेही घेतल्या आणि ते त्याने लपवले नाही. तेव्हा त्याला बंदीचा नियम नव्हता. नियम आले ते १९६० च्या दशकात.

वय चाळिशीकडे झुकले, जिंकणे थांबले, तरी तो सायकल सोडेना. डिसेंबर १९५९ मध्ये काही फ्रेंच शर्यतपटूंबरोबर तो पश्चिम आफ्रिकेत, तेव्हाच्या अपर व्होल्टात, म्हणजे आजच्या बुर्किना फासोत गेला. वागाडूगूला प्रदर्शनी शर्यत आणि नंतर शिकार. घरी आल्यावर ताप चढला. सोबतचा रफाएल जेमिनियानी फ्रान्समध्ये असाच फणफणला होता. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासले, मलेरिया ओळखला, क्विनाइन दिले आणि तो वाचला. त्याच्या घरच्यांनी इटलीला फोन करून हे कळवले. इकडच्या डॉक्टरांनी ते मनावर घेतले नाही, त्यांचे निदान वेगळे होते. थंडी वाजून ताप आला की आपल्याकडच्या जुन्या फॅमिली डॉक्टरच्या तोंडी पहिला शब्द जो आला असता, तो तिथे कोणी उच्चारला नाही. २ जानेवारी १९६० च्या सकाळी तोर्तोनाच्या रुग्णालयात कोप्पी वारला. वय अवघे चाळीस.

योगायोग असा की चामड्याच्या सीटचे दिवसही तिथून फिरले. १९६० च्या दशकात चिनो चिनेल्ली या कारखानदाराने प्लॅस्टिकच्या तळाची सीट शर्यतीच्या जगात आणली. हा स्वतः जुना शर्यतपटू, १९४३ ची मिलान-सान रेमो जिंकलेला. प्लॅस्टिकची सीट हलकी, पावसाला न भिणारी, पहिल्या दिवसापासून वापरता येणारी. त्यावर पुढे पातळ कातडे आणि थोडी भरती चढली आणि दहा-पंधरा वर्षांत शर्यतपटूंनी जाड चामडे बाजूला ठेवले. म्हणून आमच्या तरुणाला मी ढोबळ नियम सांगितला. सायकल १९६० च्या आधीची असेल तर चामडे, यात शंका नको. १९६० च्या दशकातली असेल तर दोन्ही चालेल. १९८० च्या जवळची असेल तर प्लॅस्टिकच्या तळावर पातळ कातडे शोभेल.

त्यावर त्याने एक शहाणा प्रश्न विचारला. बाजारात सत्तर वर्षांपूर्वीच्या, कोणीतरी वापरून मुरवलेल्या सीटाही मिळतात. अस्सल त्या काळच्या. महाग असतात, पण तशीच घेतली तर?

मी नको म्हटले. एक तर जुने कातडे वाळून रिव्हेटपाशी चिरते. दुसरे कारण मोठे आहे. त्यातले खळगे दुसऱ्याच्या हाडांचे असतात. दिसायला अस्सल, पण आपण त्यात कधीच नीट बसत नाही. कमरेला रग लागते आणि महिनाभरात सायकल भिंतीला टेकून राहते. त्यापेक्षा जुन्या रीतीने बनवलेली नवी चामडी सीट घ्यावी. कातडे तेच, रिव्हेट तसेच, घडण तीच. मग पहिले काही महिने कडकपणा सोसावा आणि आपले खळगे आपण पाडावेत.

कोप्पीच्या गोष्टीनेही मला हेच शिकवले. आमच्या वयाच्या लोकांना जुन्या काळाचा फार पुळका असतो. तेव्हाच्या वस्तू टिकाऊ, माणसे कष्टाळू, शब्दाला किंमत. हे सगळे खरे आहे. पण त्याच काळाने रात्री पोलीस पाठवून लोकांच्या गाद्या तपासल्या, एका बाईला पुरुषापेक्षा महिनाभर जास्त शिक्षा दिली, कापडी टोपीवर धावणाऱ्या भावांना मरू दिले. ते खळगे त्या काळाच्या हाडांचे होते. आपण पुन्हा त्यात बसण्याचे काही कारण नाही. घ्यायचे असेल तर त्यांचे चामडे घ्यावे, म्हणजे त्यांची चिवट मेहनत, वाट बघण्याची तयारी, पावसात एकट्याने घाट चढण्याची जिद्द.

२०१९ मध्ये कोप्पीच्या जन्मशताब्दीला त्याच्या गावाने आपले नाव बदलले. ते आता कास्तेल्लानिया कोप्पी झाले आहे. ज्या देशाने त्याला आरोपी म्हणून उभे केले, त्याच देशाच्या नकाशावर आज त्याचे नाव छापलेले आहे. गावात फाउस्तो आणि सेर्से हे दोघे भाऊ शेजारीशेजारी विसावले आहेत. सायकली घेऊन लोक आजही तो चढ चढत तिथे जातात. कोणाखाली प्लॅस्टिक असते, कोणाखाली फोम, क्वचित कोणाखाली चामडे. चढ मात्र सगळ्यांना तोच, खाटकाच्या दुकानातून दमून घरी परतणाऱ्या पोराने रोज चढलेला.